टू-इन-वनचं पोट फाडण्याआधी

सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या जुन्या कोडला ठिगळं लावायची आणि शनिवार-रविवार जुन्या टू-इन-वनना, असं माझं गेली तीन-चार वर्षं चालू आहे. दोन्हीकडे मूळ कारागीर केव्हाच सोडून गेलेला असतो. फरक इतकाच की टू-इन-वनचा निदान सर्किट डायग्राम मिळतो.

टू-इन-वन म्हणजे काय हे ज्यांना समजावून सांगावं लागतं अशी मंडळी आता आमच्या ऑफिसात जॉइन व्हायला लागली आहेत, म्हणून सांगतो. रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकाच खोक्यात, वर उचलायला मूठ, समोर एक किंवा दोन स्पीकर, मागे जाडजूड सेलचा खण. फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली आणि नंतर दोन-तीन वर्षांतच रेडिओ आणि कॅसेट एका पेटीत आले. अमेरिकेत ही पेटी खांद्यावर चढली आणि तिचा बूमबॉक्स झाला. स्पाईक लीच्या १९८९ च्या 'डू द राईट थिंग'मधला रेडिओ रहीम तो घेऊनच फिरत असतो. आपल्याकडे ती खांद्यावर वगैरे चढली नाही. आपल्याकडे तिला आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल मिळाला, शोकेसमध्ये जागा मिळाली आणि 'पोरांनो, हात लावू नका' असं संरक्षण मिळालं. म्हणूनच आपल्या माळ्यांवर हे सेट अजून इतक्या चांगल्या अवस्थेत सापडतात.

तर या जुन्या पेट्यांमध्ये नवीन इलेक्ट्रॉनिक्स घालून त्या पुन्हा वाजत्या करायच्या, असा एक छंद जगभर पसरला आहे. तुम्ही व्हिडिओ पाहिले असतीलच. वीस मिनिटांत सगळं. पहिल्या दोन मिनिटांत स्क्रू निघतात, तिसऱ्या मिनिटाला आतली सगळी आतडी कचऱ्याच्या डब्यात. मग रिकाम्या खोक्यात क्लास-डी अँप्लिफायरचा बोर्ड, ब्लूटूथ मॉड्यूल, १८६५० नंबरच्या लिथियम सेलचा पॅक, टाईप-सी चार्जिंग, आणि कॅसेटच्या खिडकीमागे निळा एलईडी. शेवटी फोनवरून गाणं लावायचं आणि पेटीवर हात फिरवायचा. दिसतं छान. वाजतंही छान, ते नाकारण्यात अर्थ नाही.

माझं मत सरळ आहे. ते अँप्लिफायर बदला, सेल बदला, ब्लूटूथ जरूर घाला, रंग द्या, हवं तर एलईडीही लावा (माझी हरकत आहे, पण घर तुमचं आहे). फक्त कॅसेटचा डेक काढू नका. जी वस्तू उद्या पुन्हा विकत मिळेल तिच्यासाठी, जी कधीच मिळणार नाही ती फेकू नये. बाकीचा लेख म्हणजे या एका वाक्याची वकिली आहे.

आधी दुसऱ्या टोकाच्या लोकांना दोन शब्दांत वाटेला लावतो. हे लोक म्हणतात, मूळ सेटला हातच लावू नये, एक कपॅसिटरसुद्धा बदलला तर त्याचं पावित्र्य जातं. अहो, चाळीस वर्षांचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हा काही गडावरचा चिरा नाही. तो आतून वाळतो, त्याची किंमत दोन-पाच रुपये असते आणि तो बदलण्यासाठीच बनवलेला असतो. जो सेट वाजतच नाही तो 'ओरिजिनल' ठेवून करायचं काय? असो.

खरं भांडण पोट फाडणाऱ्यांशी आहे, कारण ते माझ्याच जातीचे आहेत. त्यांचा युक्तिवाद मला कळतो, आमच्या प्रत्येक स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये तो कोणीतरी करतंच: 'हे जुनं सगळं फेकून नव्याने लिहूया.' जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपच्या उदाहरणावरून यावर एक निबंध लिहिला होता. जुना कोड घाण दिसतो, पण त्या घाणीत वर्षानुवर्षांचे बग फिक्सेस मुरलेले असतात, असा त्याचा मुद्दा होता. कॅसेटच्या डेकला तो तंतोतंत लागू पडतो.

एक चांगला डेक उघडून बघा. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर. तेवढ्यात स्टिरिओचे चार ट्रॅक, दोन जाताना आणि दोन येताना. टेप हेडसमोरून जायची ती सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने, आणि हा वेग राखतं कोण, तर एक बारीक लोखंडी दांडी म्हणजे कॅपस्टन, तिच्यावर दाबलेला रबरी रोलर, आणि मागे पितळेचं किंवा लोखंडाचं जड फ्लायव्हील. फ्लायव्हील जितकं जड तितका सूर स्थिर. मोटार जरा अडखळली तरी चाकाचं वजन ते सांभाळून घेतं. सनईचा लांबलेला सूर थरथरला नाही तर समजायचं की चाक चांगलं आहे.

आता हा डेक नवा घ्यायला जा. आज बाजारात जे नवे कॅसेट प्लेयर मिळतात, त्यांपैकी बहुतेकांत तनाशिन या जपानी कंपनीच्या एका साध्या, स्वस्त रचनेच्या नकला असतात. हलकं फ्लायव्हील, डॉल्बीचं नाव नाही, आणि सूर असा हलतो की गायकाला थंडी वाजतेय असं वाटावं. म्हणजे १९८० च्या दशकात मध्यमवर्गीय घरात जे सहज होतं, ते आज कोणी बनवतच नाही. आणि क्लास-डी बोर्ड? तो दोन-तीनशे रुपयांत घरपोच येतो, दर वर्षी आणखी चांगला होऊन.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मला एका कलीगमुळे कळली. तो चिपळूणचा. त्याचे वडील १९८० च्या दशकात मस्कतला नोकरीला होते. तेव्हा आखाती फोन म्हणजे खिशाला भोक, पत्रं यायला पंधरा दिवस, आणि आजीला लिहिता येत नव्हतं. मग वडिलांनी पहिल्या सुट्टीत एक नॅशनल पॅनासॉनिक आणला आणि आजी त्याच्यासमोर बसून बोलायला लागली. पावसाचं काय, कलमांचं काय, कोणाचं लग्न ठरलं, तू जेवतोस का. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर ती कॅसेट मस्कतला जायची. कोकणातल्या बऱ्याच घरांत हे असं चालायचं. वडिलांनी त्या सगळ्या कॅसेट परत आणल्या. आजी २००३ साली गेली.

दोन वर्षांपूर्वी त्याने तो सेट इंटरनेटवर सापडलेल्या एका कारागिराकडे 'मॉडर्न' करायला दिला, वडिलांना साठीची भेट म्हणून. सेट झकास होऊन आला. डेकच्या जागी एलईडी आणि बॅटरी. काढलेलं सामान कुठे आहे विचारलं तर 'भंगार होतं साहेब, टाकलं.' कलीगला तेव्हा काही वाटलं नाही. कॅसेट काय, कुठल्याही प्लेयरवर वाजेल. त्याने त्या माझ्याकडे आणल्या, डिजिटल करून दे म्हणून.

वाजल्या. पण आजी तोंडावर गोधडी घेऊन बोलत असल्यासारखी वाजली. स, श, च गायब. शब्द अर्धे कळत होते, अर्धे नाही. आणि आवाज जरा बारीक, जरा घाईत.

याचं कारण शुद्ध यांत्रिक आहे. रेकॉर्डिंग होताना हेडची फट टेपला बरोबर काटकोनात असायला हवी. ती अगदी काटकोनात कुठल्याच घरगुती सेटमध्ये नसते. या तिरकेपणाला अझिमथ म्हणतात. आता हिशोब करा. ४.७६ सेंटीमीटर वेगावर ५,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर टेपवर जेमतेम साडेनऊ मायक्रॉन लांब असते. हेड अर्धा अंश जरी वेगळं तिरकं असलं तरी वरचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, आणि सगळी व्यंजनं त्या वरच्या आवाजांतच असतात. गंमत अशी, की ज्या वाकड्या हेडने रेकॉर्ड केलं त्याच वाकड्या हेडने वाजवलं तर आवाज स्वच्छ येतो. वाकडं अधिक वाकडं बरोबर सरळ. त्या कॅसेटना जगात एकच योग्य डेक होता, आणि तो भंगारात गेला होता.

हेडच्या बाजूला एक छोटा स्प्रिंगचा स्क्रू असतो. तो आम्ही कॅसेट वाजत असताना हळूहळू फिरवला. पाव फेरा, त्याच्याही निम्मा. एका जागी आल्यावर गोधडी अचानक बाजूला झाली आणि आजी स्पष्ट म्हणाली, की शेजारच्यांची म्हैस पुन्हा आपल्या परड्यात आली होती. कलीग हसला आणि मग उठून गॅलरीत गेला.

अझिमथ कानाने सापडतो. वेगाचं तसं नाही. घरगुती सेटच्या मोटारी दोन-तीन टक्के इकडे-तिकडे सहज पळतात, आणि त्याहून जास्त पळणारेही असतात. सहा टक्के फरक म्हणजे पेटीवर पांढरी एकची काळी एक होते, एवढा. त्या नॅशनलचा वेग किती होता? सेट असता तर मोजला असता. मेन्सवर लावून रेकॉर्ड केलं असतं तर मागे ५० हर्ट्झची बारीक गुणगुण टेपवर उतरते, ती मोजून वेग काढता येतो. मी स्पेक्ट्रम काढून शोधली. नव्हती. सेलवर रेकॉर्ड केलेलं होतं सगळं, बहुतेक ओटीवर बसून. आणि सेल जसजसे उतरतात तसा वेगही घसरू शकतो, म्हणजे प्रत्येक कॅसेटचं गणित वेगळं.

शेवटी त्याच्या वडिलांना बोलावलं. ते खुर्चीवर डोळे मिटून बसले, मी मोटारच्या मागच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून वेग कमी-जास्त करत होतो. 'अजून खाली. अजून थोडी. नाही नाही, ही आजारी असल्यासारखी वाटते, वर घे. हां. हीच.' अकरा कॅसेट अशा झाल्या. दुपारी तीनला बसलो ते रात्री साडेनऊपर्यंत. कलीगला स्वतःला सांगता आलं नसतं, आजी गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. म्हणजे आजीच्या खऱ्या आवाजाची साक्ष देणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, एक तो सेट आणि एक वडिलांचा कान. सेट आम्ही गमावला होता. कान वेळेवर मिळाला.

यावर कोणी म्हणेल, सगळ्यांच्या घरी कुठे अशा कॅसेट असतात. खरंय. पण आहेत की नाहीत हे डेक काढताना कोणालाच माहीत नसतं. बारशाची, मुंजीची, आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट नेहमी नंतर सापडते, कपाट हलवताना.

बरं, मग डेक ठेवून अपग्रेड कसं करायचं? सोपं आहे, आणि खरं इंजिनिअरिंगही इथेच आहे. पोट रिकामं करून त्यात बोर्ड चिकटवणं म्हणजे डबा पॅक करणं.

ब्लूटूथचा आवाज सेटच्या स्वतःच्याच अँप्लिफायरमध्ये घाला. मागे पाच टाचण्यांचं डीआयएन सॉकेट किंवा लाईन-इन असेल तर सोल्डरिंगचीही गरज नाही, एक वायर पुरे. नसेल तर रेडिओ-टेप निवडायच्या स्विचवर, म्हणजे वॉल्यूमच्या आधी, सिग्नल द्यायचा. मग बास-ट्रेबलची बटणं, ते डोलणारे काटे, सगळं जसंच्या तसं चालतं. जुन्या अँप्लिफायर आयसीला लोक उगाच नावं ठेवतात. एलए४४४० वर अर्ध्या भारताने आपले पहिले अँप्लिफायर बनवले आहेत, आणि त्या स्पीकरना त्याहून जास्त ताकद झेपतही नाही.

इथे एक त्रास ठरलेला आहे. ब्लूटूथ मॉड्यूल आणि अँप्लिफायर यांना एकाच बॅटरीतून वीज दिली की गाण्याच्या मागे बारीक चिवचिवाट सुरू होतो. तो मॉड्यूलच्या आतल्या डिजिटल धावपळीचा आवाज असतो, ग्राउंडच्या वायरीतून आलेला. त्याला फिल्टर लावत बसू नका. बी०५०५एस नावाचा नखाएवढा आयसोलेटेड कन्व्हर्टर मिळतो, तो मॉड्यूलच्या पुरवठ्यात टाकला आणि सिग्नलच्या वाटेत एकास एकचा छोटा ट्रान्सफॉर्मर घातला की सगळं शांत होतं.

आणि रेडिओ. स्विचिंग कन्व्हर्टर आणि क्लास-डी बोर्ड मीडियम वेव्हवर इतकी खरखर करतात की स्टेशन लागतच नाही. ज्यांनी आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर ऐकत शाळेची तयारी केली, त्यांच्या सेटचा रेडिओ ब्लूटूथसाठी बहिरा करू नये. कन्व्हर्टर पत्र्याच्या डबीत घाला, आतल्या फेराईट दांडीपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, आणि रेडिओ लावला की त्याची वीज बंद होईल असा स्विच द्या.

लिथियम सेलबद्दल मात्र मी चेष्टा करणार नाही. सहा मोठ्या सेलचा सेट म्हणजे ९ व्होल्ट. त्या खणात १८६५० चे सहा सेल तसेच ओळीने घातलेत तर पूर्ण चार्ज झाल्यावर होतात २५.२ व्होल्ट, आणि मग धूर दिसतो. ९ व्होल्टच्या सेटला ओळीने दोनच पुरतात. ७.४ व्होल्ट झाले तरी चालतं, कारण साधे सेलही उतरत उतरत तिथेच येतात आणि सेट त्याच हिशोबाने बनवलेला असतो. आठ सेलवाल्या १२ व्होल्टच्या सेटला तीन. संरक्षणाचा बीएमएस बोर्ड हवाच. आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, क्षमता छापलेली-पुसलेली सेल रविवारच्या बाजारातून आणू नयेत. झोपायच्या खोलीत ठेवायची वस्तू आहे ही.

या सगळ्याला माझी एकच अट असते: काहीही कापायचं नाही, काहीही गोंदाने चिकटवायचं नाही. स्क्रूने बसवा, जुन्या भोकांतच बसवा, कनेक्टर वापरा. कारण नवीन भाग हाच सगळ्यात लवकर म्हातारा होतो. २००० च्या दशकात हौशी लोकांनी सेटच्या डोक्यावर करवतीने खाच पाडून आयपॉडचा तीस पिनांचा डॉक बसवला होता. २०१२ साली अॅपलने तो सॉकेटच बदलला. खाच तशीच राहिली. परवापर्यंत सगळे मायक्रो यूएसबी बसवत होते, आज टाईप-सी. तुमचं आजचं ब्लूटूथ मॉड्यूल पंधरा वर्षांनी तुमच्याच पोराला तसंच दिसणार आहे. त्याला ते चार स्क्रू काढून बाजूला करता यावं, एवढं आपण करू शकतो.

याला अपवाद आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेले ते चंदेरी प्लॅस्टिकचे डबल डेक आठवतात? समोर 'पीएमपीओ १००० वॉट' असा स्टिकर, आणि पोटात चार सेल! पीएमपीओ म्हणजे नक्की काय हे स्टिकर छापणाऱ्यालाही माहीत नसावं. त्यांच्या डेकचं फ्लायव्हील बाटलीच्या झाकणाएवढं असतं आणि कधीकधी दोन ट्वीटरपैकी दोन्ही नुसतेच जाळीमागचे दिखाऊ असतात. त्यांचं पोट खुशाल फाडा. फक्त त्याच सेटवर घरातलं काही रेकॉर्ड केलं होतं का, हे आधी आईला विचारा. तसंच ज्या डेकचे प्लॅस्टिकचे दात तुटलेत आणि सुटे भाग मिळत नाहीत, तो काढलात तर समजू शकतो. पण काढलेला डेक पिशवीत घालून, वर सेटचं नाव लिहून ठेवा. निदान हेड तरी ठेवा, त्याच्या स्क्रूला हात न लावता.

बहुतेक 'मेलेले' डेक मेलेले नसतातच. त्यांचा रबरी बेल्ट वितळून डांबर झालेला असतो, एवढंच. ते डांबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला एक तास आणि काळी बोटं लागतात. नवा बेल्ट पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधा, जुना सोबत न्या, निदान त्याचा घेर दोऱ्याने मोजून न्या. आणि जपानहून आलेला सेट असेल तर मागची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका, तिकडची वीज १०० व्होल्टची आहे. त्यांचा एफएमही बहुतेक वेळा ९० मेगाहर्ट्झलाच संपतो, म्हणजे आपली बरीचशी स्टेशनं त्याच्या काट्याच्या पलीकडे.

तर माळ्यावरून सेट काढलात की आधी सेलचा खण उघडा, गळलेले सेल असतील तर काढा. मग डेकचं झाकण उघडा. आत एखादी कॅसेट राहिलेली असेल तर लगेच प्ले दाबू नका. कॅपस्टन टेप ओढतो आणि पुढचं चाक ती गुंडाळत नाही, अशा डेकमध्ये सगळी टेप रोलरभोवती अडकून बसते. ती कॅसेट हलकेच बाहेर काढा, बाजूला ठेवा. पहिली चाचणी ज्या कॅसेटची कोणालाच फिकीर नाही तिच्यावर करा. प्रत्येक घरात 'नॉनस्टॉप डिस्को' नावाची एक तरी असतेच.